दारू पिण्याचं वय: अठरा, एकवीस की पंचवीस?

शिक्षकांच्या एका उन्हाळी शिबिरात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आम्हाला भेटल्या. त्यांचा एक माजी विद्यार्थी ३१ डिसेंबरच्या रात्री मोटरसायकलवरून परतताना गेला. वय एकोणीस. जानेवारीत वर्गात तो विषय निघाला तेव्हा बाई म्हणाल्या, "अरे, कायद्यानं त्याचं प्यायचं वयसुद्धा झालं नव्हतं." त्यावर मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "बाई, मत द्यायला अठरा, लग्नाला एकवीस, मग दारूला पंचवीस कसं? गोव्यात तर अठराच आहे. गोव्यात मेंदू लवकर पिकतो का?"

वर्ग हसला. बाईंना उत्तर सुचलं नाही. "तुम्ही संशोधन करणारी माणसं. तुम्हीच सांगा, यातला कुठला आकडा शास्त्रीय?" असं त्यांनी आम्हाला विचारलं. तेव्हा आम्हालाही नीट उत्तर देता आलं नव्हतं. या लेखात ते देण्याचा प्रयत्न करू या.

आकड्यांचा गोंधळ

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्या राज्यघटनेनुसार दारू हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. त्यामुळे प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा. गोव्यात १८. केरळमध्ये तो २१ होता, २०१७ साली २३ झाला. हरियाणात उलट झालं. तिथे २५ होता, तो २०२१ मध्ये २१ वर आणण्यात आला. दिल्लीत २५. गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदीच आहे, त्यामुळे वयाचा प्रश्न उद्भवत नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी २१, तर व्हिस्की, रम यांसारख्या कडक मद्यासाठी २५. शिवाय आपल्याकडचा मूळ कायदा १९४९ चा, दारूबंदीचा आहे. त्यामुळे कागदोपत्री प्रौढ माणसालाही पिण्यासाठी परवाना लागतो.

एकाच देशातल्या माणसांच्या शरीरात राज्याची सीमा ओलांडल्यावर काही बदल होत नाही. म्हणजे मागच्या बाकावरच्या मुलाची शंका रास्त आहे. हे आकडे प्रयोगशाळेतून आलेले नाहीत, ते विधिमंडळांतून आले आहेत. मग विज्ञानाला यात काही म्हणायचं आहे का? आहे. पण त्यासाठी प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील. एक, कोवळ्या वयात अल्कोहोल शरीरात गेल्यावर काय होतं? दोन, कायद्यातलं वय पुढेमागे केल्यानं प्रत्यक्षात काही फरक पडतो का?

बाटलीतलं गणित

"बिअरच आहे, दारू थोडीच आहे!" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बिअरला २१ आणि व्हिस्कीला २५ असा फरक करून कायदाही थोडं असंच सुचवतो. जरा हिशेब करून पाहू या.

आपल्याकडे 'स्ट्राँग' म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्ये ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं. मोठी बाटली ६५० मिलिलिटरची. म्हणजे तिच्यात ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. अल्कोहोलची घनता ०.७९ धरली तर हे झालं सुमारे ४१ ग्रॅम. आता व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घ्या. आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. त्या हिशेबानं एका पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल होतं. थोडक्यात, स्ट्राँग बिअरची एक मोठी बाटली म्हणजे व्हिस्कीचे दोन मोठे पेग. रेणू तोच, वस्तुमानही जवळपास तेच. फरक असेल तर तो पोटात जाण्याच्या वेगाचा.

हे ४१ ग्रॅम रक्तात किती चढतात हे ढोबळपणे काढण्याची एक रीत स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी १९३० च्या दशकात दिली. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं, चरबीत फारसं जात नाही. म्हणून वजनाला पुरुषांसाठी साधारण ०.६८ नं आणि स्त्रियांसाठी ०.५५ नं गुणायचं आणि अल्कोहोलच्या ग्रॅमना त्या संख्येनं भागायचं.

७५ किलोच्या प्रौढ पुरुषासाठी उत्तर येतं दर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे ८० मिलिग्रॅम. ५० किलोच्या अकरावीतल्या मुलासाठी सुमारे १२०. ४५ किलोच्या मुलीसाठी १६५ च्या आसपास. सगळं अल्कोहोल एकदम शोषलं गेलं असं यात गृहीत धरलं आहे. पोटात अन्न असेल, सावकाश प्यायलं असेल तर आकडा कमी येतो. तरीही मोटार वाहन कायद्यानं वाहनचालकाला घालून दिलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे, हे लक्षात घ्या. एका बाटलीत तो मुलगा मर्यादेच्या चौपट पुढे जातो.

आता उतरण्याचं गणित. यकृतातली विकरं अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइडमध्ये आणि मग ॲसिटेटमध्ये रूपांतर करतात. हे काम ती जवळजवळ ठरावीक गतीनं करतात. रक्तातली पातळी तासाला साधारण १५ मिलिग्रॅमनं उतरते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी ही गती वाढत नाही. १२० वरून ३० वर यायला सहा तास लागतात. रात्री दहाला बाटली संपवणारा मुलगा बाराला "आता उतरली" म्हणून गाडीला किक मारतो, तेव्हा त्याच्या रक्तात अजून ९० मिलिग्रॅम अल्कोहोल असतं.

मेंदूचं बांधकाम

वजन हा एक भाग झाला. दुसरा भाग मेंदूचा. गेल्या तीसेक वर्षांत एमआरआय तंत्रामुळे वाढत्या मुलांच्या मेंदूंच्या प्रतिमा पुन्हापुन्हा घेता आल्या. त्यातून दिसलं की मेंदूची जडणघडण विशीपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षं चालू असते. वापरात नसलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्या तंतूंवर मेदाचं आवरण चढतं. सुख आणि उत्तेजना यांच्याशी संबंधित केंद्रं आधी जोमात येतात. परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग (प्रीफ्रंटल कॉर्टेक्स) सर्वांत शेवटी पक्का होतो. ॲक्सिलरेटर आधी बसवला आणि ब्रेक नंतर, अशी ही गाडी असते.

मुलांना दारू पाजून प्रयोग करणं कोणालाही शक्य नाही आणि करूही नये. म्हणून बरीचशी माहिती उंदरांवरच्या प्रयोगांतून आली आहे. त्यातली एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. सारख्याच प्रमाणात अल्कोहोल दिलं तर पौगंडावस्थेतले उंदीर प्रौढ उंदरांपेक्षा कमी पेंगुळतात, कमी झोकांड्या खातात. मात्र त्यांच्या स्मरणशक्तीवर होणारा परिणाम अधिक असतो. म्हणजे "आता पुरे" असं सांगणारी शरीराची घंटा कोवळ्या वयात क्षीण वाजते आणि नुकसान मात्र जास्त होतं. "मला काही चढत नाही" अशी फुशारकी मारणारा मुलगा कदाचित खरंच बोलत असतो. त्याला जे बळ वाटतं, तोच त्याला असलेला धोका आहे.

पण इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. मेंदूची वाढ ही उतारासारखी आहे, पायरीसारखी नाही. पंचविसाव्या वाढदिवसाला आत कुठलं बटण दाबलं जात नाही. एक माणूस तेविसाव्या वर्षी जितका स्थिर असतो, तितका दुसरा अठ्ठाविसाव्या वर्षीही नसतो. उशिरा सुरुवात बरी, एवढं शरीरशास्त्र सांगतं. नेमका आकडा ते देत नाही.

एक मोठा, न ठरवलेला प्रयोग

आता दुसरा प्रश्न. कायद्यातलं वय बदलून काही होतं का? याचं उत्तर शोधायला अमेरिकेतल्या घडामोडी उपयोगी पडतात, कारण तिथे नकळत एक मोठा प्रयोगच झाला.

१९७१ साली अमेरिकेत मतदानाचं वय १८ वर आलं. "व्हिएतनामच्या युद्धावर पाठवता, मत देऊ देता, मग बिअर का नाही?" असा युक्तिवाद जोरात होता. आपल्या मागच्या बाकावरचाच प्रश्न! १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी पिण्याचं वय कमी केलं, बाकीच्यांनी केलं नाही. मिशिगननं १९७२ मध्ये ते १८ केलं, पण रस्त्यावरचे अपघात पाहून १९७८ मध्ये पुन्हा २१ केलं. १९८४ मध्ये केंद्र सरकारनं कायदा केला की जे राज्य वय २१ करणार नाही, त्याच्या महामार्गांसाठीच्या निधीतला काही भाग रोखला जाईल. साउथ डकोटा राज्य याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. १९८८ पर्यंत सगळ्या राज्यांत २१ वय लागू झालं.

काही राज्यांत वय खाली गेलं, काहींत स्थिर राहिलं, मग वर आलं. त्यामुळे तुलना करता आली. अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा, की वय वाढवल्यावर त्या वयोगटातले दारूशी संबंधित अपघात सुमारे १६ टक्क्यांनी कमी झाले आणि वय कमी केल्यावर सुमारे १० टक्क्यांनी वाढले.

शंका घेणारेही होते. त्याच काळात सीटबेल्ट आले, गाड्या सुधारल्या, पोलीस कडक झाले. श्रेय कायद्याला कशाला? २००९ मध्ये मायरन आणि टेटेलबाउम या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की ज्या राज्यांनी स्वतःहून आधी वय वाढवलं, तिथेच परिणाम ठळक दिसतो. केंद्राच्या दबावाखाली वाढवलं, तिथे तो फारसा दिसत नाही. हा आक्षेप महत्त्वाचा आहे. समाजाला पटलेला कायदा आणि लादलेला कायदा यांच्या परिणामांत फरक पडू शकतो, असं त्यातून सूचित होतं.

त्याच वर्षी कारपेंटर आणि डॉब्किन यांनी एक वेगळी युक्ती वापरली. वीस वर्षं अकरा महिने वयाची मुलं आणि एकवीस वर्षं एक महिना वयाची मुलं यांत निसर्गतः काय फरक असणार? जवळजवळ काहीच नाही. मेंदू तोच, घर तेच, रस्ते तेच. बदलतो फक्त कायदा. त्यांना असं आढळलं की एकविसावी रेषा ओलांडताच पिण्याच्या दिवसांत सुमारे २१ टक्के वाढ होते आणि मृत्युदर सुमारे ९ टक्क्यांनी उडी घेतो. ही वाढ प्रामुख्यानं वाहन अपघात, अल्कोहोलची विषबाधा आणि आत्महत्या यांतली होती. एकवीस वर्षांखालची पुष्कळ मुलं चोरून पितात हे खरं असूनही कायद्याचा पातळसा पडदा काही प्रमाणात काम करतो, हे यातून दिसतं.

अठराच्या बाजूनं

वय कमी करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं काय? २००८ मध्ये अमेरिकेतल्या शंभराहून अधिक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी या प्रश्नावर खुली चर्चा व्हावी अशी मागणी केली. त्यांचा अनुभव असा, की बंदीमुळे पिणं थांबत नाही, ते बंद खोल्यांत जातं. तिथे घाईनं, लपून, बेसुमार प्यायलं जातं आणि कोणी बेशुद्ध पडलं तरी शिक्षेच्या भीतीनं मित्र रुग्णवाहिका बोलावत नाहीत. हा शेवटचा मुद्दा आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

दुसरा युक्तिवाद युरोपचा. तिथे मुलं घरच्या जेवणात वाइन घेतात, म्हणून संयम शिकतात, असं सांगतात. आकडे याला दुजोरा देत नाहीत. २०१९ च्या युरोपीय पाहणीत १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी सरासरी ४७ टक्क्यांनी आदल्या महिन्यात मद्य घेतलं होतं आणि ३५ टक्क्यांनी एका बैठकीत बेसुमार घेतलं होतं. अमेरिकेतल्या त्याच सुमाराच्या वयात आदल्या महिन्यात पिणारे वीस टक्क्यांहून कमी होते. फ्रान्सनंही २००९ मध्ये विक्रीचं वय १६ वरून १८ केलं.

न्यूझीलंडनं डिसेंबर १९९९ मध्ये वय २० वरून १८ केलं. नंतरच्या अभ्यासात दिसलं की १८-१९ वर्षांच्या तरुणांबरोबरच त्याखालच्यांनाही फटका बसला. वीस ते चोवीस वयोगटाशी तुलना करता, १५ ते १७ वर्षांच्या मुलांमधले दारूशी संबंधित अपघात १४ टक्क्यांनी आणि मुलींमधले २४ टक्क्यांनी अधिक झाले. कारण सोपं आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या मित्रमंडळींत अठरा वर्षांचा कोणीतरी असतोच, एकवीस वर्षांचा क्वचित असतो. विक्रीचं वय वर नेलं की बाटली आणून देणारा शाळेच्या फाटकापासून दूर जातो.

सहसंबंध आणि कारण

एक आकडा व्यसनमुक्तीच्या भाषणांत हमखास येतो. १९९७ च्या एका अमेरिकी अभ्यासात, पंधराव्या वर्षाआधी प्यायला लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी तरी दारूच्या आहारी गेले होते. विशीत किंवा नंतर सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. आकडा बरोबर आहे, पण त्यावरून "लवकर प्यायल्यामुळेच व्यसन लागलं" असं म्हणता येत नाही. ज्या घरात वडील पितात, मारझोड आहे, दुर्लक्ष आहे, तिथलं मूल लवकर पिऊ लागतं आणि त्याला पुढे व्यसन लागण्याची शक्यताही वेगळ्या कारणांनी जास्त असते. विज्ञानाच्या तासाला सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक शिकवायला याहून चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

आपल्या मातीत

अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणता येतील का? तिथे दुकानदार ओळखपत्र मागतो. आपल्याकडे वडील मुलालाच "जा, गुत्त्यावरून घेऊन ये" म्हणून पाठवतात आणि हातभट्टीवाला कोणाची जन्मतारीख विचारत नाही. तरीही लुका, ओवेन्स आणि शर्मा यांनी २०१९ मध्ये भारतातल्या राज्यांची माहिती तपासली तेव्हा, ज्या पुरुषांना वयानुसार पिण्याची कायदेशीर मुभा होती ते अधिक पीत होते आणि पत्नीला मारहाण करण्याचं प्रमाणही त्यांच्यात अधिक होतं. म्हणजे आपला सैल कायदासुद्धा अगदीच निरुपयोगी नाही.

त्याच्या सैलपणाची किंमत काय असते, हेही आपण पाहिलं आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव मोटारीनं दुचाकीला उडवलं आणि दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याआधी त्याला मद्य देण्यात आलं होतं, असं पोलिसांचं म्हणणं. कोणाचा दोष किती, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण मुलाला मद्य देणं हा २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा आहे, हे पालकसभेत किती वेळा सांगितलं जातं?

वर्गात काय करता येईल?

पहिलं, वर दिलेलं विडमार्कचं गणित फळ्यावर मांडा. वजन मुलांनाच निवडू द्या. भाषणापेक्षा स्वतः काढलेलं उत्तर जास्त काळ लक्षात राहतं.

दुसरं, "सगळेच पितात" या समजुतीची परीक्षा घ्या. दहा ते सतरा वर्षांच्या शंभर भारतीय मुलांपैकी किती पीत असतील, हे प्रत्येकाला नाव न घालता चिठ्ठीवर लिहायला सांगा. मग २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीतला आकडा सांगा: सुमारे १.३ टक्के. घरी येऊन विचारलेल्या प्रश्नांना मुलं खरी उत्तरं देतीलच असं नाही, त्यामुळे खरा आकडा अधिक असू शकेल. हेही सांगा. पण तो दुप्पट-तिप्पट धरला तरी 'सगळे' होत नाहीत. वर्गात कोण पितं, हे मात्र चुकूनही विचारू नका.

तिसरं, आणि सर्वांत महत्त्वाचं. मित्र दारू पिऊन बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवा, एकटा सोडू नका, १०८ ला फोन करा, आणि प्यायलेल्या कोणालाही गाडी चालवू देऊ नका. "अशा रात्री मला फोन करा. घरी पोचवायची व्यवस्था आधी करू, बोलायचं ते नंतर बोलू," असं सांगणारं एक तरी मोठं माणूस प्रत्येक मुलाला हवं. ते माणूस बऱ्याचदा शिक्षकच असतं.

आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलाला काय सांगायचं? आम्ही बाईंना पत्रानं असं कळवलं: "त्याला सांगा, गोव्यात मेंदू लवकर पिकत नाही. अठरा, एकवीस, पंचवीस हे आकडे माणसांनी ठरवले आहेत आणि माणसं ते बदलू शकतात. तुझं मत चुकतं तेव्हा पाच वर्षांनी पुन्हा संधी मिळते. रस्त्यावर तशी मिळत नाही. म्हणून समाज दोन ठिकाणी दोन वेगळी वयं लावतो. ती नेमकी किती असावीत यावर वाद घाल, जरूर घाल. पण तासाला पंधरा मिलिग्रॅम हा आकडा कोणत्याही विधानसभेनं ठरवलेला नाही."

बाईंचं उत्तर आलं. मुलानं विडमार्कचं गणित स्वतःच्या वजनावर करून पाहिलं होतं. मग वहीत खाली गेलेल्या मित्राचं वजन अंदाजानं लिहून पुन्हा केलं होतं. त्यानंतर त्यानं काही विचारलं नाही, असं बाईंनी लिहिलं होतं.